प्रोसेसरमधला वेगळा कारागीर

२००८ साली इंटेलचा ॲटम प्रोसेसर बसविलेले स्वस्त, छोटेखानी लॅपटॉप बाजारात आले. वेग १.६ गिगाहर्ट्झ, आकडा भारदस्त. परंतु १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चलच्चित्र लावताच ते अडखळत. २००३ सालच्या एच.२६४ पद्धतीने आवळून बांधलेले चित्र सेकंदाला २४ वा ३० वेळा उलगडावयाचे, आणि सारा भार मुख्य प्रोसेसरवर! दोन मागांच्या विणकरावर चार माग लादावेत, तशी ही गत. पुढे हे काम प्रोसेसरातच कोरलेल्या स्वतंत्र सर्किटाकडे गेले. मात्र हा कारागीर शिकविलेलेच जाणतो: २०१८ सालची एव्ही१ पद्धत इंटेलने त्याला २०२० मध्ये, अकराव्या पिढीत शिकविली. हप्त्याने लॅपटॉप घेणाऱ्या बापाला दुकानदार गिगाहर्ट्झ ऐकवितो; त्याने विचारावे ते हे, की एव्ही१ उलगडणारे सर्किट आत आहे काय?