आठवीची अट

मी सातवी पास. १९९४ साली वडील गेले आणि दप्तर कायमचं खुंटीला लागलं. आधी उसाचा ट्रॅक्टर, मग कराड-पाटण वडापची जीप, अशी वीसेक वर्षं स्टिअरिंगवर गेली. ट्रकच्या हेवी लायसनला मात्र हात पोचत नव्हता.

१ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. व्यावसायिक गाडीला वयाची वीस वर्षं पुरी पाहिजेत आणि हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं पाहिजे, असं त्यात होतं. दोन्ही माझ्यापाशी होतं. पण केंद्रीय नियमांतला आठवा नियम आठवी पास मागायचा. ट्रकमालक म्हणायचे, "हात चांगलाय तुझा, पण लायसन नसंल तर उद्या विमावाले हात वर करतील." एक एजंट आला. आठवीचा बोगस दाखला आणि न शिकता लायसन, दोन्ही करून देतो म्हणाला. आईनं चुलीपासून उठून त्याला वाटेला लावलं.

२०१९ मध्ये सरकारनं ही अट काढली. अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा शिकाऊ झालो. डॉक्टरचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट, सगळं नव्यानं. वाटायचं, आपल्याला काय शिकवणार? पहिल्याच दिवशी ट्रक चालू केला, तर जागचा हलेना. वस्ताद म्हणाले, "काटा बघ. हवा भरल्याबिगर ब्रेक सुटत न्हाई." वळणावर मागचं चाक किती आत कापतं, तेही तेव्हाच कळलं.

खरी खोड मोडली कुंभार्ली घाटात. उतारावर सवयीनं न्यूट्रल करायला हात गेला. जीपला तेवढंच डिझेल वाचायचं. वस्तादांनी मनगट धरलं. "नुसत्या ब्रेकवर सोडलीस तर लायनर तापतील, मग ब्रेक लागायचा न्हाई. ज्या गिअरात चढतोस, त्याच गिअरात उतर."

हाताला घाम फुटला. इतकी वर्षं वडापची भरली जीप मी तशीच उतरवत आलो होतो.

लायसन आलं तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं. त्या दिवशी तो एजंट आठवला. त्याचं ऐकलं असतं, तर ट्रक कधीच मिळाला असता. मनगट धरणारा वस्ताद मात्र मिळाला नसता.