आकारावरून गोत

लातूरच्या बाजारात सोयाबीनची मोठी उलाढाल होते. तेल काढून उरलेली सोयापेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाण्यापूर्वी तापवावीच लागते, कारण दाण्यातले एक प्रथिन पचनाच्या ट्रिप्सिनला अडवून धरते. कच्चे सोयाबीन खाणारी पिल्ले खुरटतात. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये हे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. १९७४ मध्ये त्याची त्रिमितीय घडण कळली. पुढे १९८८ मध्ये माणसाच्या अंगात ताप आणि दाह चेतवणाऱ्या इंटरल्युकिन-१ बीटाची घडण हाती आली, आणि ती चक्क या सोयाबीनच्या प्रथिनासारखी निघाली! अमिनो आम्लांचा क्रम ताडून पाहिला तर दोघांचे नाते लागत नाही. घडी मात्र एकच. मुर्झिन, लेस्क आणि चोथिया यांनी १९९२ मध्ये या 'बीटा-ट्रेफॉइल' घडीचे नियम मांडले.

अशी साम्ये तेव्हा बहुतांशी जाणकारांच्या नजरेवर आणि स्मरणावर अवलंबून होती. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. आता दोन लाखांवर आहेत. एवढ्या रचना कोणाच्या ध्यानात राहणार?

लिसा होल्म आणि ख्रिस सँडर यांनी १९९३ मध्ये हायडेलबर्गला यावर तोड काढली. जुन्या डायऱ्यांत गावागावांमधल्या अंतरांचा तक्ता असे. नकाशा उलटा धरा की आडवा, नांदेड ते लातूर हा आकडा हलत नाही. त्यांनी प्रत्येक प्रथिनाचा तसाच तक्ता केला, अमिनो आम्लांच्या अल्फा कार्बनमधल्या अंतरांचा, आणि दोन तक्त्यांतले सारखे तुकडे संगणकाला जुळवायला लावले. ही 'डाली' पद्धत. कोलिसिन ए या जीवाणूंच्या विषाचा एक भाग हिमोग्लोबिनच्या कुळासारखा घडलेला आहे, हे त्यांनी त्याच वर्षी दाखवले. पुढे डाली इंटरनेटवरून सर्वांना खुली झाली.

मला यात पुण्याचा धागा विशेष मोलाचा वाटतो. एम. एस. मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी सिंगापूरला असताना, २०११ मध्ये, 'क्लिक' हे साधन प्रसिद्ध केले. मधुसूदन नंतर पुण्याच्या आयसरमध्ये आले. क्लिक साखळीतला क्रम मुळी धरतच नाही, जवळजवळच्या बिंदूंचे छोटे गट जुळवते. याची गरज शेंगवर्गातच दिसते. जॅक बीनमधले कॉन्कॅनव्हॅलिन ए हे प्रथिन तयार होताना तुटून नव्याने सांधले जाते. त्यामुळे मसुरातल्या लेक्टिनशी त्याची घडी जुळते, पण क्रमाचा आरंभ दुसरीकडेच सरकलेला असतो.

मग प्रथिनांच्या घडीचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने २०२२ मध्ये वीस कोटींहून अधिक अंदाजित रचना खुल्या केल्या. तेव्हा डालीचा वेग अपुरा पडला. व्हॅन केम्पेन, स्टाइनेगर, सोडिंग आणि सहकाऱ्यांच्या 'फोल्डसीक'ने आकारालाच वीस अक्षरांच्या लिपीत उतरवले, आणि शोध हजारो पट वेगवान झाला.

ही सगळी साधने फुकट आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातला किंवा लातूरच्या महाविद्यालयातला विद्यार्थी तुरीच्या एखाद्या प्रथिनाची फाइल चढवून त्याचे सगेसोयरे शोधू शकतो. उत्तरातल्या गुणांकाकडे मात्र नीट पाहावे. डालीचा झेड-गुणांक दोनच्या खाली असेल, तर ते साम्य योगायोगाचेही असू शकते.