दहा रुपयांच्या आतला मणी

बावीस वर्षे मी बँकेत लोकांचे पैसे मोजतो आहे. या बावीस वर्षांत परक्याची एक दमडी माझ्या खिशात गेलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. (यात माझ्या सद्गुणांपेक्षा संध्याकाळी रोकड जुळवून घेणाऱ्या हेडकॅशियरचा वाटा मोठा आहे, असे आमच्या घरातले मत आहे.) तर असा मी, बी.कॉम. सेकंड क्लास, वय सेहेचाळीस, भाद्रपदातल्या एका रविवारी तेर गावात चोरी करून बसलो. चोरीचा माल: मणी, नग एक, रंग तांबडा.

माझी बदली धाराशिवला झाली तेव्हा शाखेत जुने शिक्के गोळा करण्याचे काम चालू होते. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचे उस्मानाबाद २०२३ साली सरकारदरबारी धाराशिव झाले, आणि त्या बदलाची झळ सर्वांत जास्त बसली ती आमच्या दफ्तरीमामांना. दोन पिशव्या भरून रबरी शिक्के त्यांनी एकट्याने उतरवले. मी म्हटले, "मामा, नाव बदलणं म्हणजे मोठंच काम की हो!" मामा म्हणाले, "सायेब, ह्ये कायच न्हाई. आमच्या गावाचं नाव दोन हजार वर्सांत निम्मं झिजलंय. तगरचं तेर झालं. या एकदा."

तेर धाराशिवपासून वीसेक किलोमीटर. एस.टी.तून उतरलो तेव्हा रात्रीच्या पावसाने रस्ता लोण्यासारखा झाला होता. मामा छत्री घेऊन उभेच होते. म्हणाले, "आदी सुशीला खाऊ, मग फिरू." मी दचकलो. माझ्या थोरल्या मेहुणीचे नाव सुशीला. पण मराठवाड्यात सुशीला बशीतून येते. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीवर टाकायचे, वर शेंगदाणे आणि डाळ्याचे पीठ. दिसायला पोह्यांची चुलतबहीण, पण स्वभावाने तिखट. दुसरी बशी मागवताना मेहुणीबद्दल वाईट बोलल्यासारखे वाटले, तरी मागवली.

तिथून निघालो ते टेकाडाच्या कडेने. आपल्याकडे शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण तेरची पांढरी म्हणजे टेकाडेच्या टेकाडे आहेत. गावावर गाव बसत गेले, भिंती पडल्या, त्यांवर नव्या उठल्या, त्याही पडल्या. पावसाने तो ढीग धुतला की जुने काहीबाही वर येते. खापरे तर पावलोपावली. मामा पुढे चालत होते, मी चप्पल चिखलातून उपटायला वाकलो, आणि शेतात शिरणाऱ्या पाऊलवाटेवर, एका बाभळीपाशी, तो मणी दिसला. डाळिंबाच्या दाण्याएवढा. आरपार भोक. मी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि उचलला. प्रामाणिक माणूस वस्तू उचलताना इकडेतिकडे पाहत नाही, हे मला नंतर सुचले.

त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. पुढे सपाट छताचा मंडप, आणि मागे गाभाऱ्याची पाठ गोल, वर छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. हा मूळचा विटांचा चैत्य असावा, असे जाणकार मानतात. महाराष्ट्रात अजून उभ्या असलेल्या अगदी जुन्या वास्तूंत त्याची गणना होते. म्हणजे खाते तेच, खातेदार बदलला, व्यवहार अखंड चालू. आत त्रिविक्रम पाय उचलून उभा. मागणी किती मोठी आहे याची चौकशी न करता सही केली की जामीनदाराचे काय होते, हे बळीराजाकडे पाहून कळते. आमच्या कर्जविभागात हा फोटो लावायला हवा.

तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या नि सच्छिद्र की पाण्यावर तरंगतात, अशी त्यांची ख्याती. मामांनी घरी बादलीत तुकडा टाकून दाखवला. तरंगला! ज्याचे निम्मे आयुष्य बुडीत खात्यांत गेले, त्याला न बुडणारी वीट पाहून काय वाटले असेल, ते तुम्हाला नाही कळायचे.

जेवण मामांकडेच. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर आमटी. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळले की येसर होते. त्याची आमटी पहिल्या घासाला गोड बोलते आणि दुसऱ्या घासाला कान धरते. मामी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊ, घाम येतोय तुमास्नी." घाम आमटीचा होता की खिशातल्या मण्याचा, मला सांगता येईना.

जेवताना मी आमच्या मामांना एका परक्या मामाची गोष्ट सांगितली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराचे टिपण केले. पेरिप्लस म्हणतात त्याला. त्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा तो कारकूनच असणार. त्याने लिहिले की भडोचपासून वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठे शहर. तिथून गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला साधे कापड भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल जाते. तो स्वतः इतका आत आला नसावा. बंदरात बसून ऐकीव माहितीवर नोंद केली असावी. आम्हीही तेच करतो.

पुढे शिलाहार राजे कोकणात नि कोल्हापुरात राज्य करीत असतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. गाव सुटले तरी पत्ता सुटला नाही. गंमत म्हणजे नंतर तगर कुठे होते हेच लोक विसरले. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ साली फ्लीटसाहेबाने तगर म्हणजे तेर हे मांडले. तोवर एवढे मोठे शहर जवळजवळ उचंत खात्यातच पडून होते. (ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही उचंतात टाकतो. तिथून ती क्वचितच बाहेर येते.)

मामा म्हणाले, "आमाला ठावं हुतं की. इचारलंच न्हाई कुनी."

दुपारी संग्रहालयात गेलो. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे गोळा केलेल्या वस्तूंतून ते उभे राहिले, आणि आज सरकारी संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. भाजक्या मातीच्या बाहुल्या, नाणी, आणि ती सुप्रसिद्ध हस्तिदंती बाई. हिची बहीण शोभावी अशी एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई गावी सापडली. ते गाव इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती बाई त्याआधीच तिकडे पोचलेली होती. आमच्या शाखेतून सोलापूरला टपाल जायला चार दिवस लागतात.

आणि मग काचेमागे मणी दिसले. तांबडे, डाळिंबाच्या दाण्याएवढे. माझ्या मण्याचे सख्खे भाऊ. माझा हात आपोआप खिशावर गेला. एका माणसाने आयुष्यभर जमवलेले सगळ्या गावाला, सगळ्या जगाला बघायला मिळते आहे, आणि मी एक मणी घेऊन पळतो आहे!

बाहेर येऊन मामांना कबुली दिली. मामा हसले. "लहानपनी आमी खंडीभर येचलं. गोट्या म्हनून खेळलं." मला त्याने बरे वाटले नाही. आमचा एक वकील खातेदार आहे. त्याने एकदा १८७८ चा निखात निधीचा कायदा ऐकवला होता. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. आता दोन हजार वर्षांच्या मण्याची किंमत काय धरायची? मूळ किमतीतून दरसाल घसारा वजा केला तर दहा रुपयांच्या आत. चक्रवाढ व्याज लावले तर जिल्हा विकत येईल.

खरी अडचण वेगळीच होती. १९५८ साली बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केले. अशा खोदकामात कुठली वस्तू कुठल्या थरात होती याला महत्त्व असते. थर कळला तर काळ कळतो. जागेवरून उचललेला मणी म्हणजे तारीख नसलेले व्हाउचर. रक्कम आहे, पण कशाची ते कुणी सांगू शकत नाही. बावीस वर्षे इतरांना "तारीख टाका" म्हणून ओरडणाऱ्या माणसाने हे करावे! पावसाने वाहून आलेल्या मण्याला थर कुठला उरला होता म्हणा. पण जागा तरी होती. ती मी पुसली.

"चला," मी म्हटले, "होता तिथं ठेवून येऊ."

वाटेत तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या समाधीशी थांबलो. गोरोबांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पक्के मडके कोणते नि कच्चे कोणते ते पारखले, नामदेव तेवढे कच्चे निघाले, ही कथा तुम्हा-आम्हा सगळ्यांना पाठ. मी नमस्कार करताना डोके जरा लांबच ठेवले.

टेकाडावर आलो आणि घोटाळा लक्षात आला. जागा सापडेना! सकाळी एक बाभळ होती, आता चार दिसत होत्या. मी वाकून वाकून माझ्या चपलेचा ठसा शोधू लागलो. पलीकडच्या वावरात एक बाई भुईमूग उपटत होत्या. बराच वेळ बघून त्यांनी हाक मारली, "काय हारवलं का वं?"

"नाही," मी म्हणालो, "ठेवतोय."

त्या मामांकडे बघू लागल्या. मामांनी बोटाने डोक्याच्या बाजूला काही खूण केली का, ते मला दिसले नाही. शेवटी अंदाजाने एका बाभळीच्या बुडाशी मणी दाबला आणि वर माती सारली. बाईंनी ओल्या शेंगांची जुडी, मातीसकट, माझ्या हातात दिली. पैसे घेईनात.

घरी बायकोने पिशवी उलटी केली. शेंगा निघाल्या, मग दोन मुठी पांढरी माती. "एवढं मोठं जुनं शहर बघून आलात," ती म्हणाली, "आणि हे आणलंत?" माती तिने तुळशीत टाकली. मी टाकू दिली. पण रात्री बॅटरी घेऊन एकदा कुंडीत पाहून आलो.