गांजाचा रकाना



गेल्या महिन्यात नातवाने टॅबवर एक जुना सरकारी अहवाल उघडून दिला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो स्कॅन करून सर्वांसाठी ठेवला आहे. १८९३-९४ चा ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा अहवाल. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे त्या साहेबी इंग्रजीशी झटापट करताना शब्दकोश मांडीवरच होता. तीन हजारांवर पानं आहेत. सगळी वाचली असं म्हणणार नाही. पण वेड्यांच्या इस्पितळांवरचं प्रकरण मात्र दोनदा वाचलं. का, ते पुढे येईलच.

हे कमिशन निघालं लंडनच्या पार्लमेंटमधल्या एका प्रश्नातून. विल्यम स्प्रोस्टन केन नावाचे एक खासदार दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. गांजाच्या परिणामांची चौकशी करा, अशी त्यांची मागणी. सरकारने जुलै १८९३ मध्ये सात जणांचं कमिशन नेमलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. तिघे हिंदी सभासद होते, आणि आपल्या मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमनी. यांनी देश पालथा घातला. १,१९३ साक्षी घेतल्या. कलेक्टर, डॉक्टर, मिशनरी, शेतकरी, परवानेवाले दुकानदार, सगळे.

निष्कर्ष काय निघाला? बेताने घेणाऱ्याला भांग-गांजाने म्हणण्यासारखा अपाय होत नाही. अति घेणाऱ्याला होतो, पण असे लोक थोडे. संपूर्ण बंदी घातली तर बैरागी-गोसाव्यांना आणि शंकराच्या भक्तांना तो धर्मावर घाला वाटेल, आणि लोक दारूकडे नाहीतर धोतऱ्याकडे वळतील. म्हणून बंदी नको, आवळून धरा: कर वाढवा, दुकानं कमी करा, परवान्याशिवाय लागवड नको, जवळ किती बाळगायचा त्याला मर्यादा. हिंदी सभासदांपैकी दोघांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडल्या.

हे सरकार काही साधुसंत नव्हतं बरं का! हेच सरकार चीनला अफू विकत होतं, आणि गांजाच्या कराचा पैसाही त्याच्याच तिजोरीत जात होता. तेव्हा बंदी नको म्हणण्यात त्यांचा स्वार्थ होताच. पण स्वार्थी माणसाने मोजलेलं माप खोटंच असतं असं नाही. असो.

आता ते इस्पितळांचं प्रकरण. गांजाने वेड लागतं याला त्या काळी मोठा पुरावा काय होता, तर वेड्यांच्या इस्पितळांची वार्षिक आकडेवारी. दरवर्षी छापलं जाई की इतके रुग्ण गांजामुळे आले. कमिशनने ठरवलं, १८९२ साली दाखल झालेल्या अशा रुग्णांची एकेक केस पुन्हा तपासायची. आणि काय सापडलं? रुग्णाबरोबर पोलिसांकडून एक कागद येई. त्यात ‘वेडाचं कारण’ असा रकाना. पोलिसाला कारण ठाऊक नसे, पण रकाना रिकामा ठेवून कसं चालेल? हा कधी चिलीम ओढायचा, असं कोणी म्हटलं की गांजा लिहून मोकळे. इस्पितळातला कारकून तेच रजिस्टरात उतरवून घेई, सुपरिंटेंडंट त्याची बेरीज करून वर पाठवी, आणि पुढे डॉक्टर मंडळी साक्षीत त्याच बेरजेचा दाखला देत. कमिशनने चाळणी लावली तेव्हा निम्म्याहून अधिक केसेस गळून पडल्या.

हे वाचून मी टॅब बाजूला ठेवला.

१९९५ साली माझा एक माजी विद्यार्थी एस.टी. स्टँडवर पकडला गेला. पिशवीत दोनेक किलो गांजा. पिशवी माझी नाही असं तो सांगत होता; स्वतः कधीमधी ओढतो हे मात्र त्याने कबूल केलं होतं. त्याची आई संध्याकाळी माझ्या घरी आली. “गुरुजी, पोरगं शाळेत चांगलं होतं एवढंच लिहून द्या, वकील मागतोय.” मी दिलं नाही. वर म्हणालो, “अहो ताई, गांजा ओढणाऱ्याचं डोकं फिरतं, आज ना उद्या तो वेड्यांच्या इस्पितळातच जायचा.” दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाच्या भाषणात मी हेच वाक्य मुलांना ऐकवत असे. कुठून आलं, कधी विचारलं नाही. पोरगा मात्र सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता, आणि चांगला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो दोन वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेत राहिला आणि मग निर्दोष सुटला.

यामागचा कायदाही नंतर समजून घेतला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केली होती. भांग-गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर बंद करायला त्यात २५ वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा १९८५ चा एन.डी.पी.एस. कायदा आला. विधेयक ऑगस्टच्या उत्तरार्धात मांडलं गेलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही. कुठे त्या १,१९३ साक्षी आणि कुठे हे! गंमत म्हणजे नुसती पानं गांजाच्या व्याख्येतून वगळली, म्हणून भांग सुटली. १९८९ च्या दुरुस्तीने पाच वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत जामीन जवळजवळ अशक्य केला, आणि गांजाची कमाल शिक्षा तेव्हा नेमकी पाच वर्षं होती. २००१ मध्ये वजनाप्रमाणे शिक्षा ठरल्या: गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी.

गांजा मोकळा सोडा असं माझं म्हणणं नाही. परवान्याच्या दारूने उजाड झालेली घरं मी शिकवलेल्या गावांत पाहिली आहेत. पण पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा मानलेला नाही. कॅनडाने २०१८ मध्ये विक्रीच कायदेशीर केली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, त्यात भारताचं मत ठरावाच्या बाजूने होतं. आपल्याकडे या मतावर चार माणसं चावडीवर बोलली असतील तर शपथ!

गेल्या आठवड्यात त्या विद्यार्थ्याकडे जाऊन आलो. तालुक्याला त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. दाखल्याची गोष्ट काढली. तो म्हणाला, “सर, तुम्ही दिला असता तरी जामीन होत नव्हता. कायदाच तसा होता.” आई कशी आहे विचारलं, तर ती २०११ मध्ये गेली म्हणाला. मग मी त्या अहवालाचं सांगत बसलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तेव्हा सरकारी परवान्याची दुकानं होती, सर? उघड्यावर?”

होती म्हटलं. तो हसला आणि पोऱ्याला चहा सांगायला पाठवलं.