माउंट मेरी बॅसिलिका, वांद्रे

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, वांद्रे येथील समुद्रालगतच्या टेकडीवर असलेले कॅथलिक तीर्थक्षेत्र. पूर्ण नाव ‘बॅसिलिका ऑफ अवर लेडी ऑफ द माउंट’. कोळी आणि ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळचे कॅथलिक) लोक मात्र तिला मोत माऊली म्हणतात. वास्तू विसाव्या शतकाच्या आरंभीची, पण आतली मरियेची मूर्ती तिच्याहून तीनेकशे वर्षांनी जुनी आहे. हे क्षेत्र वाढले ते या मूर्तीभोवती. तिच्यासाठीच्या इमारती उभ्या राहिल्या, पडल्या, बदलल्या.

सोळाव्या शतकात साष्टी (वांद्रे ज्यात येते ते बेट) पोर्तुगीजांकडे असताना जेझुइट पाद्र्यांनी ही मूर्ती पोर्तुगालहून आणली आणि टेकडीवर लहानसे प्रार्थनागृह बांधले. जवळच, माहीमच्या खाडीच्या तोंडाशी, कास्तेला द आग्वाद हा किल्ला (आजचा वांद्र्याचा किल्ला) 1640 मध्ये उभा राहिला. 1700 मध्ये अरब चाच्यांनी येथे धाड घातली. मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू खऱ्या सोन्याची असावी या समजाने त्यांनी तिचा उजवा हात तोडला.

1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई पडली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. 1774 मध्ये इंग्रजांनी ती घेतली. मराठ्यांच्या मोहिमेत पडलेले देऊळ मधल्या काळात पुन्हा बांधले गेले ते 1760 च्या सुमारास, म्हणजे पेशवाईच्या अमलात. मोहिमेच्या इतिहासात रमणाऱ्यांचे या तारखेकडे सहसा लक्ष जात नाही. भंगलेल्या मूर्तीच्या जागी त्या वेळी टेकडीखालच्या सेंट अँड्र्यू चर्चमधील मूर्ती बसवण्यात आली. ही दुसरी मूर्ती म्हणे एका कोळ्याला समुद्रात तरंगताना सापडली, आणि ती सापडणार हे त्याला आधी स्वप्नात दिसले होते. कोळीवाड्यात ही कथा आजही सांगतात. पुढे मूळ मूर्ती दुरुस्त होऊन मानाच्या जागी परतली.

1845 पर्यंत मुंबई बेटावरून येणाऱ्यांना माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांच्या देणगीतून माहीम-वांद्रे रस्ता झाला. त्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्यामागे मोत माऊलीला केलेला नवस होता असे लोक सांगतात. नवसाचे खरेखोटे काहीही असो, यात्रा वाढली ती या रस्त्यामुळे.

आजची वास्तू 1904 ची. आराखडा मुंबईचे पारशी वास्तुविशारद शापूरजी चांदाभॉय यांचा. शैलीला अर्धगॉथिक म्हणतात. दगडी दर्शनी भाग, दोन बाजूंना दोन मनोरे, टोकदार कमानी, आणि आतल्या भिंतींवर मरियेच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चच्या (1605) बरोक घडणीशी तिचे नाते नाही. राजाबाई टॉवर आणि व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणाऱ्या मुंबईची ही चाल आहे. शिल्पकामाची श्रीमंती शोधायला आलेल्याची येथे थोडी निराशा होईल. वास्तूचा खरा गुण तिच्या जागेत आहे: उंचावरचे मनोरे आणि पलीकडे अरबी समुद्र. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, पायऱ्या चढून गेल्यावर, फातिमामातेचे स्थान आहे.

‘बॅसिलिका’ हा शैलीचा प्रकार नव्हे, पोपने दिलेला दर्जा आहे. रोममधील चार महाबॅसिलिका सोडल्या तर बाकीच्या लघुबॅसिलिका ठरतात. मरियावर्ष म्हणून पाळल्या गेलेल्या 1954 मध्ये बारावे पायस यांनी हा मान वांद्र्याला दिला. बॉम जेझूला तो 1946 मध्ये आणि तमिळनाडूतील वेलंकणीला 1962 मध्ये मिळाला.

मरियेचा जन्मदिन 8 सप्टेंबर. त्यानंतरच्या रविवारी सण आणि पुढे आठवडाभर जत्रा असते. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. मिस्सा इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांत होतात. चर्चबाहेरच्या दुकानांत झेंडूच्या माळांशेजारी मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात: हात, पाय, डोळे, छोटे घर, विमान. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो, मूल हवे असणारे जोडपे मेणाची बाहुली घेते, परदेशी नोकरी हवी असलेला विमान. घेतलेली वस्तू मेणबत्तीसह वेदीपाशी वाहिली जाते आणि नवस फेडायला माणूस पुन्हा टेकडी चढतो. रांगेत हिंदू, पारशी, मुसलमानही असतात, आणि नवस बोलण्याची रीत सगळ्यांना घरचीच असल्याने कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. उतारावरच्या दुकानांत खाजे, भाजलेले चणे आणि गोव्याकडचे कडियो-बोडियो मिळतात. जत्रेच्या दिवसांत बेस्ट येथे जादा बस सोडते. करोनाच्या साथीमुळे 2020 मध्ये मात्र जत्रा भरली नाही.