फाइल-पथांची वृक्षरचना

संगणकातील फाइल व फोल्डर यांचे पथ मूळ, फांद्या आणि पाने अशा रचनेत साठवण्याची पद्धत. मल्टिक्स प्रणालीसाठी १९६५ मध्ये डेली व नॉयमान यांनी अशी श्रेणीबद्ध फाइलव्यवस्था मांडली. पुढे केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या युनिक्समुळे ती सर्वत्र रुजली. एमएस-डॉसमध्ये फोल्डर आले ते १९८३ च्या २.० आवृत्तीत.

‘/घर/फोटो/लग्न.जेपीजी’ हा पथ तिरक्या रेघेपाशी तोडला की तीन नावे मिळतात. मूळ नोडपासून (नोड म्हणजे वृक्षातील एक गाठ) निघून प्रत्येक नाव त्या त्या नोडच्या अपत्यांत, म्हणजे त्याला थेट जोडलेल्या खालच्या नोडांत, शोधायचे. न सापडल्यास नवा नोड जोडायचा. नंतर ‘/घर/फोटो/सहल.जेपीजी’ आला, तर ‘घर’ व ‘फोटो’ आधीच तयार असतात, भर पडते ती एकाच नोडची. अपत्ये हॅश तक्त्यात ठेवली, तर शोधाचा वेळ एकूण फाइलींच्या संख्येवर नव्हे, पथाच्या खोलीवर ठरतो. पथ नुसते अक्षरमाला म्हणून ताडून पाहणे धोक्याचे आहे: ‘/घर/फोटो’ ही सुरुवात ‘/घर/फोटोजुने’ या वेगळ्याच फोल्डरशीही जुळते.

युनिक्सची फाइलव्यवस्था मात्र काटेकोर अर्थाने वृक्ष नाही. फाइलचे नाव डिरेक्टरीतील (फोल्डरमधील) नोंदीत असते आणि ती नोंद फाइलचा आयनोड क्रमांक, म्हणजे प्रत्यक्ष फाइलची ओळख, सांगते. त्यामुळे एकाच फाइलला दोन ठिकाणी दोन नावे असू शकतात. डिरेक्टरींना अशी दुहेरी जोडणी सहसा करू दिली जात नाही, कारण त्यातून चक्र तयार झाल्यास वृक्षाची फेरी कधीच संपणार नाही.