डिजिटल प्रतिमेचा आकार आणि एक्सपोर्ट : ऐतिहासिक आढावा व दस्तऐवजांच्या विश्वसनीयतेचा प्रश्न

प्रस्तावना :
छायाचित्रे व हस्तलिखिते यांच्या डिजिटल प्रती आज इतिहास-संशोधनाचे नित्याचे साधन झाल्या आहेत. प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘रिसाइझ’ आणि ‘एक्सपोर्ट’ या आज्ञा मात्र केवळ तांत्रिक सोय म्हणून वापरल्या जातात. वस्तुतः मूळ प्रतिमेतील काय राखावे आणि काय टाकावे, याचा निर्णय या आज्ञांमध्ये दडलेला असतो. या निर्णयाची ऐतिहासिक जडणघडण आणि साधनांच्या विश्वसनीयतेशी असलेला त्याचा संबंध तपासणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पिक्सेल आणि आकारबदल :
१९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी किर्श यांच्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र स्कॅन करून संगणकात उतरविले. त्या प्रतिमेत १७६ × १७६, म्हणजे ३०,९७६ बिंदू होते. अखंड दृश्याचे मोजक्या चौकोनी बिंदूंत विभाजन करण्याची पद्धत येथून रूढ झाली. चित्रातील तपशिलाची कमाल मर्यादा बिंदूंच्या संख्येने ठरू लागली.

आकार बदलताना नव्या बिंदूंची मूल्ये जुन्या बिंदूंवरून काढावी लागतात. सर्वांत जवळच्या बिंदूचे मूल्य घेणे, शेजारच्या चार बिंदूंची भारित सरासरी घेणे आणि सोळा बिंदूंचा विचार करणारी ‘बायक्युबिक’ पद्धत, हे यातील प्रमुख मार्ग होत. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये बायक्युबिक पद्धतीची गणिती मांडणी केली. मात्र कोणत्याही पद्धतीने मोठी केलेली प्रतिमा मुळात नसलेला तपशील पुरवू शकत नाही; ती केवळ अनुमान करते. याउलट ३००० × २००० बिंदूंची प्रतिमा ६०० × ४०० केली, तर ६० लाखांपैकी २ लाख ४० हजार, म्हणजे अवघे ४ टक्के बिंदू उरतात.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज नोंदविला पाहिजे. ‘प्रतिइंच बिंदू’ हा आकडा मुद्रणातील आकार ठरवितो. तो तपशील वाढवीत नाही. ३००० बिंदूंची रुंदी ३०० प्रतिइंच या प्रमाणात १० इंच, तर १५० या प्रमाणात २० इंच छापली जाते. बिंदू तेवढेच राहतात.

संक्षेपणाचा इतिहास :
एक्सपोर्टच्या इतिहासात बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’च्या कल्पनेला नॅशनल सायन्स फाउंडेशनने अर्थसाहाय्य नाकारले. तरीही टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये मान्य झालेले ‘जेपेग’ मानक याच तत्त्वावर उभे आहे. त्यात प्रतिमेचे ८ × ८ बिंदूंचे तुकडे करून डोळ्यांना कमी जाणवणारे सूक्ष्म चढउतार ढोबळ केले जातात. बहुधा रंगाची माहितीही उजेडाच्या माहितीपेक्षा कमी ठेवली जाते.

१९८६ चे ‘टिफ’, १९८७ चे २५६ रंगांचे ‘जिफ’ आणि, जिफमधील संक्षेपणाच्या पेटंटवरून वाद झाल्यानंतर, १९९६ मध्ये आलेले ‘पीएनजी’ हे अन्य पर्याय होत. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉपच्या १९९९ मधील ५.५ या आवृत्तीत ‘सेव्ह फॉर वेब’ ही सोय आली. तेव्हाच्या मंदगती इंटरनेटवर फाईल लहान असणे हीच मुख्य गरज होती. ‘क्वालिटी’चा आकडा मात्र टक्केवारी नव्हे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची मोजपट्टी वेगळी असल्याने एका ठिकाणचे ८० दुसरीकडच्या ८० बरोबर असतीलच असे नाही.

दस्तऐवजांवरील परिणाम :
जेपेगची रचना मुख्यतः छायाचित्रांतील सौम्य छटांसाठी झाली. कागदावरील शाईची तीक्ष्ण कड हे तिचे दुर्बल स्थान आहे. तेथे अक्षराभोवती धूसर कण उमटतात. प्रत पुन्हापुन्हा संपादित करून जेपेगमध्येच साठविल्यास हानी साचत जाते. मोडी कागदावरील अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार ३०० प्रतिइंच स्कॅनमध्ये सुमारे ६ बिंदू व्यापतो. प्रतिमा एक-पंचमांश केली की त्याच्या वाट्याला जेमतेम एक बिंदू येतो. वाचनातील पाठभेद अशा वेळी लेखनिकाचा नसून सॉफ्टवेअरचा असू शकतो.

ही भीती काल्पनिक नाही. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी झेरॉक्सच्या काही यंत्रांवरील स्कॅनमध्ये अंकांची अदलाबदल होत असल्याचे दाखविले. ६ च्या जागी ८ छापला जात होता. तेथील संक्षेपण-पद्धत सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांना एकच मानत होती. प्रत स्वच्छ दिसत असल्यामुळे चूक लक्षात येणे अधिकच कठीण होते.

निष्कर्ष :
रिसाइझ व एक्सपोर्ट यांची मूल्ये साठवण आणि प्रेषण यांच्या मर्यादांतून घडली. पुराव्याच्या जतनासाठी नव्हे. म्हणून मूळ स्कॅन टिफसारख्या हानिरहित स्वरूपात अबाधित ठेवणे, वाचकांसाठीची लहान प्रत त्यापासून स्वतंत्रपणे करणे आणि स्कॅनचे प्रमाण व स्वरूप यांची नोंद प्रतीसोबत ठेवणे आवश्यक ठरते. साधनाच्या बाह्य परीक्षणात कागद, शाई व हस्ताक्षर तपासण्याची परंपरा आहे. डिजिटल प्रतीच्या बाबतीत ती कोणत्या प्रक्रियेतून आली, याची तपासणीही त्याच परीक्षणाचा भाग मानली पाहिजे.